गूजनेक पुन्हा पुन्हा खुळखुळा होतोय? छोट्या शिडाच्या होडीच्या बूमची तपासणी आणि दुरुस्ती

बूम म्हणजे शिडाची खालची कड ताणून धरणारी आडवी नळी. तिचं पुढचं टोक डोलकाठीला धरून ठेवणारा सांधा, म्हणजे गूजनेक, सैल झाला की बहुतेक जण एकच उपाय करतात. जुने रिव्हेट ड्रिलने काढायचे, तेवढ्याच मापाचे नवे मारायचे आणि होडी पाण्यात लोटायची. थोड्या दिवसांत पुन्हा तोच टक्-टक् आवाज. मग जरा जाड रिव्हेट, पुढच्या खेपेला त्याहून जाड, आणि शेवटी भोकं एवढी मोठी होतात की रिव्हेटला पकडायला बूमचा पत्राच उरत नाही.

असं वारंवार होत असेल तर रिव्हेट बदलण्याआधी थांबा. रिव्हेट सैल होतो तो कशाच्या तरी मागून. पिन झिजलेली असते, बुश (पिनेभोवतीचं अस्तर) गेलेला असतो किंवा किकरचा, म्हणजे बूमला खाली ओढून धरणाऱ्या दोरी-कप्पीच्या जोडाचा, डोलकाठीवरचा खालचा कडा (कडी) चुकीच्या जागी बसवलेला असतो. जोडात खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला की बूमचा प्रत्येक झटका रिव्हेटवर हातोडीसारखा बसतो. खेळ कुठून येतोय हे शोधल्याशिवाय मारलेला नवा रिव्हेट जुन्याच वाटेने जातो.

हे सगळं कोयनेचा शिवसागर, धोम, कण्हेर अशा सातारा जिल्ह्यातल्या डोंगरांमधल्या पाण्यावर बारा-चौदा फुटी होडी चालवणाऱ्यांसाठी लिहिलं आहे, म्हणजे शीड साधारण ७ ते १० चौरस मीटर, बूम ॲल्युमिनियमच्या नळीचा, भिंत दोन मिमीच्या आसपास. बूमच्या देखभालीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक समुद्र डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं, त्यामुळे सगळा भर मिठावर आणि गंजावर. आपल्याकडचं पाणी गोडं. स्टेनलेसचं फिटिंग ॲल्युमिनियमच्या बूमला खातं ते इथेही, पण सावकाश. इथे बूमला मारतात त्या दोन वेगळ्या गोष्टी: फिरता वारा आणि गाळ.

तापोळ्याला कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची खोरी एकत्र येतात. उन्हाळ्यातल्या दुपारी पश्चिमेचा वारा या खोऱ्यांतून येताना प्रत्येक सोंडेला वळसा घालतो, आणि पाचशे मीटरच्या पट्ट्यात त्याची दिशा दोन-तीनदा बदलू शकते. वारा पाठीवर घेऊन जाताना अशी दिशा बदलली की शीड स्वतःहून पलटतं आणि बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकला जातो. मोकळ्या समुद्रावर स्थिर वारा असताना क्वचित होणारी ही गोष्ट इथे एका फेरीत अनेकदा होते. वळिवाच्या आधीचे झोत तर विचारूच नका.

दुसरा गाळ. डिसेंबरनंतर धरणाची पातळी उतरायला लागते आणि मे महिन्यापर्यंत काठाला चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. होडी त्यातून ओढली जाते, बूम काठावर आडवा टाकला जातो, दोऱ्या लाल मातीत लोळतात. तीच माती दोरीबरोबर ब्लॉकमध्ये (कप्पीत) आणि पिनेभोवती जाते आणि धातू घासत राहते.

जोर कुठे आणि किती येतो

हे एकदा समजून घेतलं की पुढची तपासणी कुठे करायची हे आपोआप कळतं. अडीच मीटरचा बूम धरा, अधिक नेमकं सांगायचं तर २.६ मीटर. किकर गूजनेकपासून ६० सेंमीवर बूमला लागलेला आहे आणि डोलकाठीशी ४५ अंशांत खाली उतरतो. आठपट ताकद देणाऱ्या ब्लॉकच्या जोडीवर हाताने २० किलो ओढलं तर हिशोबाने १६० किलो, घर्षण वजा जाता १२० किलोच्या आसपास ताण किकरमध्ये येतो.

या १२० किलोचे दोन भाग पडतात. सुमारे ८५ किलो बूमला खाली ओढतात आणि तेवढेच ८५ किलो बूमला डोलकाठीत पुढे दाबतात. बूमच्या मागच्या टोकाला शिडाची मागची कड वर ओढत असते, पण ती दूर असल्यामुळे तिला फक्त २० किलो पुरतात. मग ८५ मधले उरलेले ६५ किलो कोण उचलतं? गूजनेक. म्हणजे मेनशीटला (बूम आत-बाहेर करायच्या दोरीला) हातही लावलेला नसताना गूजनेकवर ८५ किलो पुढे आणि ६५ किलो खाली, दोन्ही मिळून शंभराच्या वर जोर आहे. हा झाला शांत उभा जोर. शीड पलटताना बसणारा झटका याच्या वर.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती जास्त गंभीर आहे. दोन्ही टोकं वर धरलेली आणि मध्ये किकर खाली ओढतोय, अशा बूमला सगळ्यात जास्त वाक किकरच्या जागी येतो, आणि तिथे खालची बाजू ताणली जाते. नेमकी तिथेच, खालच्या बाजूला, आपण किकरचं फिटिंग बसवायला भोकं पाडलेली असतात. बूम मोडतो तो जवळजवळ नेहमी इथेच. गूजनेक खुळखुळला की आवाज येतो, लक्ष जातं. किकरच्या भोकातून निघालेली चीर आवाज करत नाही.

जमिनीवरची तपासणी

शीड उतरवा, बूम डोलकाठीला जोडलेलाच ठेवा. किकर आणि मेनशीट पूर्ण ढिले करा. बूमचं मागचं टोक एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं गूजनेकच्या जोडावर टेकवा, अर्धं बोट फिटिंगवर आणि अर्धं बूमवर. आता टोक वर-खाली, मग डावीकडे-उजवीकडे हलवा, मग बूम स्वतःभोवती पिळून बघा. डोळ्यापेक्षा बोटाला खेळ आधी कळतो. बोट पिनेवर असताना खट् जाणवलं तर पिन किंवा बुश; फिटिंग आणि बूमच्या सांध्यावर जाणवलं तर रिव्हेट; आणि दोन्हीकडे काही नाही पण डोलकाठीच्या बाजूला जाणवलं तर डोलकाठीवरचं फिटिंग सैल आहे. ही शेवटची शक्यता लोक विसरतात आणि चांगल्या बूमची भोकं वाढवत बसतात.

मग रिव्हेटची डोकी जवळून बघा, शक्यतो धुण्याआधी. हलणाऱ्या रिव्हेटभोवती काळपट, तेलकट दिसणारी बारीक पूड साचते आणि तिची रेघ एका बाजूला ओढल्यासारखी दिसते. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासल्याची ही खूण, आणि ती ज्या दिशेला लांबली आहे त्या दिशेने जोर येतोय. पांढरी, खडूसारखी पूड असेल तर ती झीज नाही, तो गंज आहे. फिटिंगच्या कडेला रंग किंवा ॲनोडायझिंग फुगलं असेल तर आत पांढरी पूड भरलेली आहे असंच समजा आणि फिटिंग काढा. धुतल्यावर या दोन्ही खुणा जातात, म्हणून आधी बघायचं.

शंका असेल पण खात्री होत नसेल तर साधी युक्ती आहे. बारीक परमनंट मार्करने फिटिंगवरून बूमवर जाणारी सरळ रेघ मारा, प्रत्येक बाजूला एक. दोन-चार फेऱ्या मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, अर्धा मिमी जरी सरकलेली असली, तरी रिव्हेट हलतोय. नाहीतर दुसरीकडे शोधा.

किकरच्या फिटिंगसाठी बूम सुटा करून उलटा ठेवा. जागा डिटर्जंटने धुऊन कोरडी करा आणि उजेड तिरका पडेल असा टॉर्च धरा. भोकाच्या कडेपासून बूमच्या आडव्या दिशेने जाणारी केसाएवढी रेघ शोधायची आहे. नखाने आडवं खरवडलं की ओरखडा आणि चीर यांतला फरक कळतो: चिरेत नख अडकतं. तरी खात्री नसेल तर वेल्डिंगवाल्यांकडे मिळणारा लाल डाय-पेनिट्रंट स्प्रे वापरा. साफ केलेल्या जागेवर लाल मारायचा, पाकिटावर दिलेला वेळ थांबायचं, पुसायचा, मग पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

चीर सापडली तर बूम पाण्यात न्यायचा नाही. चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची पद्धत पत्र्याच्या कामात चालते, पण इथे, सगळ्यात जास्त वाकाच्या जागी, त्यावर विसंबू नये. वेल्डिंग तर नकोच. ६०६१-टी६ सारखं उष्णता देऊन कडक केलेलं ॲल्युमिनियम वेल्डच्या शेजारी मऊ पडतं, आणि मग बूम चिरेपासून दोन सेंमीवर वाकतो. आतून घट्ट बसणारी नळी चिरेच्या दोन्ही बाजूंना किमान २५-३० सेंमी जाईल अशी घालणं हा मान्य उपाय आहे, नाहीतर बूम बदला.

पिन आणि बुश

गूजनेकची पिन बाहेर काढा आणि व्हर्निअरने तीन ठिकाणी मोजा: वर, मध्ये, खाली. ८ मिमीची पिन मध्ये ७.८ च्या खाली गेली असेल तर बदला. फिटिंगचं भोकही मोजा, तेही दोन दिशांना, कारण ते गोल वाढत नाही, लांबट होतं. ८.४ च्या पुढे गेलं की बुश बसवायची वेळ झाली. फक्त पिन बदलून भागत नाही. लांबट भोकात नवी पिन तितकीच खुळखुळते आणि आणखी लवकर झिजते, कारण ती एका रेघेवर टेकते.

बुश करून घेणं आपल्या भागात अवघड नाही. सातारा, कराड, इस्लामपूर, कुपवाड, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत लेथवाला हे काम उभ्या उभ्या करतो. त्याला जुनं फिटिंग आणि नवी पिन दोन्ही हातात द्या, नुसतं माप सांगू नका. भोक १२ मिमीचं गोल करून घ्यायचं, त्यात घट्ट बसणारा बुश, आणि आतलं भोक पिनेपेक्षा ०.१ ते ०.१५ मिमी मोठं. त्याआधी फिटिंगच्या कानाची रुंदी तपासा. १२ चं भोक पाडल्यावर चहूबाजूंनी किमान ६ मिमी धातू उरला पाहिजे. नसेल तर फिटिंगच नवं घ्या.

बुशचा माल डेलरिन (एक कडक प्लास्टिक) मागा. नायलॉन स्वस्त असतं आणि टर्नरकडे पडलेलंही असतं, पण ते पाणी पितं आणि फुगतं. चैत्रात सुळसुळीत फिरणारा नायलॉनचा बुश भाद्रपदात पिनेला घट्ट धरतो. मग बूम पिनेभोवती फिरायच्या ऐवजी फिटिंगला पिळतो आणि पुन्हा रिव्हेटवर येतं. डेलरिनला हा त्रास जवळजवळ नाही.

पिनेला ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. दिसायला छान, पण गाळाचे कण त्यात चिकटून राहतात आणि पिन खातात. पाण्याने धुवा, कोरडं होऊ द्या, आणि टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारा. बास.

पिन अडकवायला गोल रिंग असेल तर ती काढून स्प्लिट पिन घाला. रिंगेत दोरी किंवा शिडाचा कोपरा अडकतो आणि ती उलगडत जाते. स्प्लिट पिनेचे पाय २०-३० अंश उघडले तरी पुरतात. पूर्ण मागे मुडपले की काढताना तुटतात. वरून दोन वेढे टेप. स्प्लिट पिन एकदा काढली की फेकायची, सरळ करून पुन्हा घालायची नाही.

किकरचा खालचा कडा कुठे आहे?

वारंवार होणाऱ्या तक्रारीचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण. गूजनेकची उभी पिन ज्या रेषेत आहे, बरोबर त्याच रेषेत खाली डोलकाठीवर किकरचा कडा फिरला पाहिजे. लंब धरून बघा: गूजनेकच्या पिनेपासून दोरीला नट बांधून सोडा, नट किकरच्या कड्याच्या फिरण्याच्या केंद्रावर यायला हवा.

समजा किकरचा कडा २५ मिमी पुढे, म्हणजे डोलकाठीच्या बाजूला आहे. बूमवरचा बिंदू आणि कडा दोन्ही गूजनेकपासून ६० सेंमीवर असतील तर बूम मध्यावर असताना आणि पूर्ण बाहेर असताना किकरच्या लांबीत १७ मिमीचा फरक पडतो. बूमच्या टोकाला हेच साधारण १० सेंमी होतात. बूम बाहेर असताना किकर ढिला वाटतो, म्हणून तुम्ही आणखी ओढता. शीड पलटलं की बूम मध्यावरून जाताना किकर एकदम आवळतो आणि सगळा झटका गूजनेकवर. कडा मागे असेल तर उलट, बूम बाहेर जाताना आवळतो. तपासायला सोपं आहे: काठावर किकर मध्यम ओढून बूम मध्यापासून बाहेरपर्यंत हाताने फिरवा. वाटेत कुठे जड किंवा सैल लागता कामा नये.

जुन्या होडीवर दुसऱ्या होडीचं फिटिंग बसवलेलं असलं की ही चूक हमखास असते. उपाय म्हणजे किकरच्या कड्याखाली योग्य जाडीचा ठोकळा घालून तो पुढे-मागे करणं, किंवा गूजनेकचं फिटिंगच मापाचं आणणं. रिव्हेट कितीही भारी घातले तरी हा दोष झाकला जात नाही.

आता रिव्हेट

खेळाचं मूळ सापडून दुरुस्त झालं की मगच रिव्हेटकडे वळा.

जुना काढताना आधी मधली खिळ्याची टाचणी बारीक पंचने आत ठोका. ती स्टीलची असते. ती असताना ड्रिल केलं की बिट घसरतं आणि भोक वाकडं होतं. मग ४.८ च्या रिव्हेटला ५ मिमीचं बिट लावून फक्त डोकं सुटेपर्यंत ड्रिल करा आणि उरलेला भाग पंचने आत ढकला. आत पडलेले तुकडे बूम उभा करून सगळे झटकून काढा. आत राहिलेल्या स्टीलच्या टाचण्या गंजतात आणि त्या जागी ॲल्युमिनियमला खड्डे पाडतात.

भोक मोजा. ४.८ च्या रिव्हेटला ४.९ मिमीचं भोक लागतं. ५.१ पर्यंत चालवून घेता येईल, त्यापुढे ६.४ च्या रिव्हेटला जा आणि भोक ६.५ करा. ६.४ चं भोकही लांबट झालं असेल तर त्या जागेचा नाद सोडा. गूजनेकच्या टोकाला बूम २५-३० मिमी कापून ताज्या पत्र्यावर फिटिंग बसवणं हा स्वच्छ मार्ग; बूम तेवढा आखूड झाल्याने शिडाला फरक पडत नाही, फक्त आउटहॉलला (शिडाचा मागचा कोपरा बूमवर ताणणाऱ्या दोरीला) तेवढी जागा मागे शिल्लक आहे का ते बघा. नवी भोकं पाडताना दोन भोकांमध्ये रिव्हेटच्या व्यासाच्या किमान तिप्पट आणि कडेपासून दुप्पट अंतर ठेवा. किकरच्या फिटिंगपाशी भोकं बूमच्या घेराभोवती एका ओळीत कधीही नकोत. लांबीच्या दिशेने मागे-पुढे पाडा.

लांबीचा हिशोब: जोडल्या जाणाऱ्या पत्र्यांची एकूण जाडी अधिक व्यासाच्या दीडपट. बूम २ मिमी आणि फिटिंग २ मिमी असेल तर ४.८ चा रिव्हेट साधारण ११-१२ मिमीचा. लांब रिव्हेट जास्त मजबूत हा गैरसमज आहे. तो आत नीट फुलत नाही, गोळा होतो आणि पहिल्या झटक्यात सैल पडतो.

रिव्हेटच्या मालाबद्दल. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे साधे ॲल्युमिनियमचे रिव्हेट खिडकीच्या कामाचे असतात. स्टेनलेसच्या मोठ्या फिटिंगमधला ॲल्युमिनियमचा छोटा रिव्हेट हा गंजाच्या दृष्टीनेही वाईट जोड, कारण मोठ्या स्टेनलेसपुढे सगळी झीज त्या इवल्याशा रिव्हेटवर येते. मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) रिव्हेट उत्तम. ते मुंबईहून, होडीचं सामान ठेवणाऱ्यांकडून मागवावे लागतात. ते नाहीच मिळाले तर स्टेनलेसचे, पण खाली सांगितलेला थर घालून. दोन्हींसाठी पक्कडीसारखी छोटी रिव्हेट गन पुरत नाही, लांब दांड्यांची दोन हातांनी दाबायची लागते. छोट्या गनने अर्धवट ओढलेला मोनेलचा रिव्हेट ॲल्युमिनियमपेक्षा वाईट.

फिटिंग आणि बूम यांच्यात काहीतरी आड पाहिजे. ड्युरालॅक किंवा टेफ-जेल ही दोन धातूंच्या मध्ये लावायची गंजरोधक पेस्ट मिळाली तर तीच वापरा. नाहीतर जुन्या प्लास्टिकच्या कॅनमधून कापलेला अर्धा मिमीचा तुकडा फिटिंगच्या आकाराचा करा आणि गाडीची काच बसवणाऱ्यांकडे मिळणारं पीयू सीलंट दोन्ही बाजूंना पातळ लावा. रिव्हेटही त्यातच बुडवून मारा. सिलिकॉन घ्यायचंच झालं तर आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं नको. सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते धातूला खातं.

रिव्हेटऐवजी स्क्रू किंवा बोल्ट का नको, हा प्रश्न नेहमी येतो. दोन मिमीच्या भिंतीत एम५ चे जेमतेम अडीच आटे बसतात. पहिल्या-दुसऱ्या झटक्यात आटे जातात. आरपार बोल्ट चालतो, पण आत नळीचा तुकडा घालून, ज्याची लांबी बूमच्या आतल्या रुंदीएवढी असेल. तो न घालता नट आवळला की बूमच्या भिंती आत दबतात आणि दबलेला बूम तिथेच वाकतो. नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) घ्या आणि आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावून सावकाश आवळा. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आणि वेगाने फिरवलं तर आटे एकमेकांत जाम होतात आणि मग हॅकसॉशिवाय सुटत नाहीत.

बोल्टच्या डोक्यावर ए२ किंवा ए४ असा शिक्का बघा. ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या. धरणाच्या पाण्यावर ए२ पुरतं, उगाच जास्त पैसे घालू नका. होडी ट्रेलरवर घालून मालवण-मांडव्याकडे न्यायची असेल तर मात्र ए४. शिक्का नसलेलं ‘एसएस’ हे २०२, म्हणजे लवकर गंजणारं हलकं स्टेनलेस, असू शकतं, आणि चुंबक लावून ते ओळखता येत नाही.

मेनशीटचा ब्लॉक निघून येतो

ही वेगळी तक्रार, पण कारण एका वाक्यात सांगण्यासारखं. रिव्हेट आडव्या जोराला दणकट असतो आणि सरळ उपसणाऱ्या जोराला कमकुवत, आणि बूमच्या पोटाखाली दोन रिव्हेटवर लावलेल्या पट्टीला मेनशीट सरळ खाली उपसत असते. तिथे जाड रिव्हेट घालत बसू नका. २५ मिमीच्या पॉलिएस्टर पट्ट्याचा किंवा ५ मिमी डायनीमा दोरीचा फास बूमभोवती घाला आणि ब्लॉक त्यात अडकवा. जुनी पट्टी फक्त फास मागे-पुढे सरकू नये म्हणून ठेवा. पट्टा उन्हाने मरतो: नखाने घासल्यावर धाग्यांची पांढरी पूड पडली की बदला.

ब्लॉकची चाकं हाताने फिरवा. करकर वाजली तर बादलीभर स्वच्छ पाण्यात बुडवून फिरवत राहा, गाळ निघतो. ऑइल इथेही नको. मागच्या टोपणातलं आउटहॉलचं चाक सगळ्यात आधी अडकतं, कारण बूम काठावर टाकला की तेच टोक चिखलात जातं. होडी काठाला लावताना बूम हॅलियर्डला (शीड वर चढवायच्या दोरीला) टांगून ठेवायची सवय लावली तर हा अर्धा त्रास संपतो.

दुरुस्तीनंतर जोर देऊन बघणे

पाण्यावर पहिली चाचणी नको. शिडाऐवजी हॅलियर्ड बूमच्या मागच्या टोकाला बांधा आणि ताणून पक्की करा. ती आता शिडाच्या मागच्या कडेचं काम करते. चारही बाजूंना मार्करच्या नव्या रेघा मारा. किकर तीन टप्प्यांत ओढा, प्रत्येक टप्प्यावर बूम दोन्ही बाजूंना फिरवा, शेवटच्या टप्प्यावर दहा मिनिटं तसाच सोडा. रेघा जागच्या जागी असतील, सीलंट कुठे फाटलेलं नसेल, तर काम झालं. सीलंट सुकायला दिलेला पूर्ण वेळ मात्र आधी जाऊ द्या, पीयूला निदान एक दिवस.

पाण्यावर गेल्यावर दोन सवयी रिव्हेटचं आयुष्य वाढवतात. वारा पाठीवर घेण्याआधी किकर थोडा सोडा. आवळलेल्या किकरसकट होडी कलली आणि बूमचं टोक पाण्यात घुसलं तर तो किकरपाशी मोडतो. आणि शीड पलटवताना मेनशीटच्या दोऱ्यांचा जुडगा हातात धरून बूम मध्यावरून हाताने पलीकडे न्या, आपटू देऊ नका. सोंडेजवळून जाताना तो हात आधीच तिथे असू द्या.

पावसाळ्यात ठेवताना

महाबळेश्वर-तापोळ्याकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि चार महिने काहीच वाळत नाही. त्या काळात बूम डोलकाठीवर ठेवू नका. सुटा करा, दोन्ही टोपणं काढा, आतून पाईपने धुवा आणि छपराखाली थोडा तिरका टांगा, म्हणजे आत साचलेलं पाणी आपोआप निथळेल. ओल्या कपड्यात किंवा ताडपत्रीत गुंडाळून ठेवलेला बूम उघड्यावरच्या बूमपेक्षा जास्त खराब होतो.

जागा निवडताना एक काळजी घ्या. शेडमध्ये खताची पोती असतील तर बूम तिथे नको. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आणि दमट हवेत त्याची धूळ ॲल्युमिनियमवर बसली की समुद्राच्या मिठासारखीच वागते. ओल्या सिमेंटवर किंवा नव्या कोब्यावरही टेकवून ठेवू नका. सिमेंटमधला क्षार ॲल्युमिनियमला थेट खातो. छपराच्या वाशाला दोन दोरीचे फास, आणि गूजनेकची पिन, स्प्लिट पिना, शॅकल एका डबीत घालून त्याच वाशाला बांधलेले.

गणपतीनंतर पाणी भरलेलं असतं आणि होडी बाहेर निघते, तेव्हा जोडण्याआधी बोटाची आणि टॉर्चची तपासणी पुन्हा एकदा. हंगाम चालू असताना दर महिन्याला बोटाची तपासणी पुरते. किकरची जागा मात्र प्रत्येक जोराच्या वाऱ्यानंतर आणि बूम पाण्यात घुसल्यानंतर त्याच दिवशी उलटी करून बघायची.